तोरणाखाली बंद पडलेलं इंजन

इतके वर्ष मी हे टाळलं बाई. बायको गेली तिलेही सांगितलं नाई, पोरांले तं नाईच. कोणी जुन्या टॅक्टरची गोष्ट काढली का मी उठून पाणी प्याले जाई. आता तुम्ही लिहून घ्याले बसल्याच आहा, तं लिहा. मधात थांबवू नका, थांबलो तं पुन्हा बोलणं होणार नाई.

आम्ही लोहार. चामोर्शीच्या अलीकडं आमचं गाव, माहा बाप बैलबंडीच्या चाकाले लोखंडी धाव बसवे. तापलेली धाव चाकावर चढवली अन् वरून पाणी मारलं का लाकूड कसं करकरे, ते ऐकूनच बाप सांगे, बसली का नाई बसली. म्हणे, शाम्या, हाताले कळते, तोंडानं मंग काही बी सांग. बंड्या कमी झाल्या, टॅक्टर आले, तं मी गडचिरोलीले एका मिस्त्रीच्या हाताखाली इंजन शिकलो अन् गावात येऊन बापाच्या भट्टीशेजारीच टिनाचं शेड टाकलं. पाच-पंचवीस गावांत नाव झालं. शामराव मिस्त्री नुसता कान लावून बिमारी सांगते, म्हणत लोक. मलेही ते गोड लागे. काय सांगू तुम्हाले, त्या गोडीनंच सारं केलं.

आमच्या गावच्या पाटलाकडं जुना टॅक्टर होता, अन् त्याच्यावर देवाजी ड्रायव्हर. माह्याहून थोडा लहान, काळासावळा, हसरा माणूस. टॅक्टरले तो लक्ष्मी म्हणे. धानाच्या बांधीत चिखल करताना चाक फसलं तं शिव्या नाई द्यायचा, चल माय, चल माय, म्हणे, बैलाले म्हणतात तसं. लोक हासत.

त्या वर्षी धानाच्या रोवण्याच्या आधी टॅक्टरचं इंजन मी बांधलं. लायनर नवे टाकले. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होते ते नळकांडं. त्याच्या बाहेरून रेडिएटरचं पाणी फिरते अन् खाली ऑइल राहते, मधात पाणी अडवाले काय तं रबराची एक रिंग. साबणाचं पाणी लावून लायनर हळू, सरळ दाबावं लागते. पाऊस लागला होता, पाटलाचा माणूस शेडात येऊन बसला होता, कधी होते कधी होते करून राह्यला होता. एक लायनर दाबताना बारीक करकर झाली. रबर कापलं. दिसलं नाई, पण हाताले कळलं. बाहेर काढाले पाहिजे होतं. मी दाबून टाकलं.

रोवणे झाले. टॅक्टर चालला. मंग पोळा आला.

आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी बैल बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, धुतात, शिंगं रंगवतात, झूल घालतात अन् सारे तोरणाखाली उभे करतात. पाटलाकडं बैल उरले नोते, तं देवाजी लक्ष्मीले घेऊन बोडीत गेला. अर्धं चाक बुडेपर्यंत नेला, गवताच्या चोथ्यानं घासला, हळदीकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. बैलांच्या मागून वाजतगाजत आणला. अन् नेमका तोरणाखाली आला, तं खडखड, खडखड, अन् इंजन जाम. बंद.

तोरणाखाली बैल बसला तं लोक अपशकून मानतात बाई, अन् हा तं गावातला पहिला टॅक्टर. वाजवणारे थांबले. पाटलानं हाक मारली, मिस्त्री, पाह्य रे जरा. मी ऑइलची दांडी काढली. ऑइल कुठलं, दुधाचा चहा. झाकण उघडलं तं आतून पांढरा फेस. ऑइलमध्ये पाणी गेलं हे लेकराले बी समजलं असतं. पण पाणी कुठून गेलं, ते पाहाले लागते.

देवाजी माह्याजवळ येऊन हळूच म्हणे, मिस्त्रीभाऊ, रेडिएटर उणा राहते, पोळ्याच्या आधीपासून मी रोज सकाळी पाणी टाकून राह्यलो, आजच तुम्हाले सांगाले येणार होतो.

तेवढ्यात मले समजलं. रेडिएटर उणा म्हणजे पाणी आतूनच खाली उतरून राह्यलं. ते करकरणं हातात परत आलं. पण सारा गाव पाहून राह्यला होता, पाटील पाहून राह्यला होता, अन् मी कान लावून बिमारी सांगणारा शामराव मिस्त्री. मी मोठ्यानं म्हटलं, मिस्त्री तू का मी बे? बोडीत डुबवला टॅक्टर अन् आता रेडिएटर सांगते मले? दांडीच्या भोकातून बोडी आत गेली पाटील, इंजन खाल्लं यानं.

एक जण ओरडला, काऊन बे देवाजी, टॅक्टरले पोहणं शिकवत होता का? सारे हासले. दुसरा म्हणे, उद्या तान्ह्या पोळ्याले लेकरायसारखा लाकडाचा बैल घेऊन ये, तो बुडत नाई. देवाजी बी हासला थोडा, कसनुसा. त्याले वाटलं मी मस्करीच करून राह्यलो. मंग माह्या तोंडाकडं पाहिलं अन् त्याचं हासणं गेलं. पाटलानं किल्लीसाठी हात पुढं केला. देवाजीनं माळेतलं एक फूल काढून खिशात ठेवलं, किल्ली दिली अन् निघाला.

टॅक्टर ओढत शेडात आणला. मी एकटाच होतो. ऑइलचा खालचा बोल्ट सैल केला, तं पयले पाणी आलं. पाणी जड, ते खाली बसते. तांबूस, गंजाचं पाणी, रेडिएटरचं. बोडीचं असतं तं गाळ असता, शेवाळ असतं. ऑइलचं चेंबर उतरवलं, रेडिएटर भरला अन् खाली लेटून वर पाहत राह्यलो. बाकीचे लायनर कोरडे. एकाच्या बुडाशी थेंब जमला, मोठा झाला अन् माह्या गालावर पडला. मंग एक अजून. लायनर उपसला, रिंग काढली. नखानं कापल्यासारखी चीर.

ती रिंग माह्या मुठीत असतानाच देवाजी दारात आला. काय निघालं मिस्त्रीभाऊ? त्याले अजून आशा होती. मी म्हटलं, काय निघणार, बोडीचा चिखल निघाला. त्यानं बोनेटवरची माळ सरळ केली. लक्ष्मी बरी होईल न, म्हणे. होईल, म्हटलं मी. तो गेला, मी रिंग बापाच्या भट्टीत टाकली. रबराचा काळा धूर झाला, डोळ्यात पाणी आलं. ते धुराचंच होतं बाई, खोटं काऊन सांगू.

मंग त्याले कोणीच स्टेअरिंग दिलं नाई. बोडीवाला ड्रायव्हर, हेच नाव पडलं. गाव सोडून तो अहेरीकडं गेला, लाकडाच्या डेपोवर ओझी उचलली. बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी मी तिकडं गेलो, तं आठवडी बाजारात झाडायचे फडे विकत बसलेला दिसला. पार वाळला होता. मले पाहून उठला, चहा मागवला, शेजारच्याले सांगे, हे आमचे मिस्त्री, इंजन यायच्याशी बोलते. मी म्हटलं, देवाजी, त्या पोळ्याची गोष्ट. अन् चहाचा घोट घेतला. तोच म्हणे, भाऊ, मलेही पयले वाटे का माही चूक नाई. पण तुम्ही सोता पाहून सांगितलं न, मंग समजलं. पोराले सांगितलं मी, गाडीच्या नादी लागू नको, आपला हात बरा नाई. माह्याच हातानं मेली लक्ष्मी.

मी एक फडा घेतला अन् बसमध्ये बसलो. काच खाली करून हाक मारता आली असती.

देवाजी आता नाई. मलेही आता बोल्ट धरता येत नाई. पोळ्याले मी घरातच बसतो, वाजा ऐकू आला का त्याले म्हणतो, मनातल्या मनात, त्या चहाच्या वेळी म्हणाले पाहिजे होतं ते. देवाजी, रेडिएटर उणाच होता. तू खरं सांगत होता. बोडीचं पाणी आत गेलंच नोतं, रबर माह्या हातानं कापलं होतं, अन् कापतानाच मले कळलं होतं. तुहा हात बरा होता गा. माफ कर.