बाहुबलीअण्णांचा रिबन माइक

तानीबाई : सकाळधरनं एकच कागद मांडीवर घिऊन बसलीया. तेवढ्या येळात माझ्या तीनशे विड्या वळून झाल्या. हिचा कागद काय हलंना.

मायाप्पा : आक्का, बोलू नगंस तिला. विडी वळायला हात लागत्यात. इंजिनेर व्हायला समास सोडावा लागतोय. बघ की केवढा सोडलाय! त्यात माझं आख्खं दुकान बसंल, भोंग्यांसकट.

विशाखा : सरांनी सांगितलंय समास सोडायला, मामा. सोमवारी आराखडा द्यायचा आहे. सही झाली नाही तर ते आपल्या मनानं विषय देतात. मागच्या वर्षी एकाला इस्त्री दिली.

मायाप्पा : मग? इस्त्रीनं कपडे तरी सरळ हुत्यात. तुझ्या विषयानं काय सरळ हुणार ते वाच. दुकान माझं, वायरी माझ्या, वाच की जरा आमाला बी.

विशाखा : इंग्रजीत आहे. मराठीत सांगते. 'ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रकारच्या मायक्रोफोनचा तुलनात्मक अभ्यास. डिप्लोमा, तिसरं वर्ष, १९८४-८५.'

मायाप्पा : अगागागा!

तानीबाई : म्हंजी काय गं, विशा?

विशाखा : म्हणजे एकच माणूस, एकच ओळ, तीन माइकमधून टेप करायची. मग कॉलेजातल्या वीस जणांना ऐकवायची. कुठली टेप कुठल्या माइकची ते सांगायचं नाही. कुठला आवाज खरा वाटला, तेवढंच त्यांनी लिहायचं.

मायाप्पा : म्हंजी पोरी तीन दाखवायच्या, घराणं मातूर सांगायचं न्हाय. ह्या देशात लग्नं अशी जमली असती तर निम्मी कोर्टं बंद पडली असती.

तानीबाई : गप रं. वाच गं तू.

विशाखा : पहिला, डायनॅमिक. तो मामाचा.

मायाप्पा : लिही, त्याची हकिकत बी लिही. दोन बाऱ्या बैलगाडीतनं पडलाय. गल्लीतल्या मच्छ्याच्या लग्नात नवऱ्याच्या चुलत्यानं त्याच्यानं नारळ फोडला, आणि त्याच माइकमधनं मंगलाष्टका झाल्या. 'सगळ्यांनी जेवून जावे' तर असा खणखणीत सांगतोय, न बोलावलेली बी बसत्यात.

विशाखा : दुसरा, कंडेन्सर. बेळगावात भजनाच्या कॅसेटी काढणारा एक स्टुडिओ आहे, त्यांचा. रविवारी सकाळी दोन तास देणार आहेत.

मायाप्पा : बघितलाय मी तो. काचेच्या खोलीत ठेवलाय. आत जाताना चपला काढा म्हणतोय मालक, श्वास हळू घ्या म्हणतोय. मी इचारलं, नारळ कुठं वाढवायचा? तवापासनं मला आत घेत न्हाय.

तानीबाई : आणि तिसरा?

विशाखा : तिसरा... लिहिलाय.

तानीबाई : लिहिलाय ते दिसतंय. वाच की.

मायाप्पा : काय वाचायचं त्यात. तिसरा, रिबन. तंबाखूच्या वखारवाल्या बाहुबलीअण्णांचा. हजेरीत लिही, तिसरा मयत.

विशाखा : मामा!

मायाप्पा : मग काय, आजारी म्हणू? काल दुपारपासनं तीन वायरी बदलल्या, टेप बदलला, माझा चांगला ॲम्प्लिफायर लावला. नुसता घूं करतोय. अण्णाच्या बापानं मुंबईस्नं आणलेला माइक. बाप गेला, मुंबई बी पयल्यासारखी ऱ्हायली न्हाय, ह्यानं तरी किती दिस जगावं?

तानीबाई : बेस्तरवारी आणला तवा जिता हुता न्हवं?

विशाखा : अण्णांनी माझ्यासमोर चालवून दाखवला. त्यांच्या आई, धोंडूबाई, आत पापड लाटत होत्या. लाटण्याचा आवाजसुद्धा आला टेपवर. आत जाऊन बघावंसं वाटलं, इतका खरा.

तानीबाई : मग दोन दिसांत काय झालं त्याला?

विशाखा : उघडून बघितलं मी. आत ॲल्युमिनियमची पट्टी असते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तीच हलते, तोच सगळा माइक. ती सैल होऊन खाली लोंबतीय. आता मुंबईला पाठवायचा. तिथंही पट्टी बसवणारे एक-दोघंच आहेत म्हणतात.

तानीबाई : आपसूक लोंबती व्हय?

विशाखा : नाही.

तानीबाई : मग कशानं?

विशाखा : आराखड्यात सूचना आहे शेवटी. 'रिबन माइक आडवा ठेवू नये. वाऱ्यात नेऊ नये. त्यावर फुंकर मारू नये.'

मायाप्पा : फुंकर? माइक हाय का बशीतला च्या? अगं, फुंकल्याबिगर माइक चालू हाय ते कळायचं कसं? पयला 'फू', मग दोन टिचक्या, मग 'हॅलो'. मंत्र्याचं भाषण असू दे न्हायतर बारसं, वीस वरसं हीच रीत. फू न करता माइक हातात दिला तर लोक म्हणत्यात, मायाप्पा प्याला काय आज!

तानीबाई : तर मग तूच फुंकलास.

मायाप्पा : फुंकलो असंन. तोंड माझंच हाय, पर मला इचारून फुंकत न्हाय ते.

तानीबाई : हसू नगंस, मायाप्पा. त्यांच्या वखारीत पंधरा वरसं तंबाखू चाळलाय मी. दुपारचं पाणी धोंडूबाई वरनं वतायच्या, वंजळीत. उंबऱ्याच्या आत काय हाय ते आजपतोर बघितलं न्हाय. ही गेली त्या घरात. खुर्चीवर बसली, कपातनं च्या प्याली. अण्णानं कागद केला न्हाय, सही घेतली न्हाय, बापाची वस्तू हिच्या हातात दिली.

विशाखा : आई, पुरे.

तानीबाई : का पुरे? जाताना धोंडूबाई काय म्हणली, तूच सांगितलंस मला. 'नीट परत येईल न्हवं?'

मायाप्पा : म्हणून तर म्हणतोय, सोमवारी मी जातो. टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, 'अण्णा, मेलेला माइक देतासा व्हय गरिबाच्या लेकराला?' म्हातारीच बावचळंल. झोंबलं तर त्यांना झोंबू दे एक डाव. आपल्याला लई वरसं झोंबलंय.

विशाखा : नाही. अण्णा भला माणूस आहे. त्यांना खरंच वाटेल आपलंच चुकलं. मुंबईला पाठवून वर माझी माफी मागतील.

मायाप्पा : मागू देत की! त्या घरातनं कुणी आपली माफी मागितलेली बघून तरी मरीन म्हणतो.

तानीबाई : खोटं बोलून मागून घेतलेली?

मायाप्पा : बरं. मग खरं सांगतो. 'मी फुंकलो' म्हणतो. मायाप्पा भोंगेवाला अडाणी हाय हे समद्या निपाणीला ठावं हाय, त्यात कुणाला नवल न्हाय. शिकलेल्याच्या हातनं मोडला म्हणलं की बातमी हुती. उद्या दुसरी एखादी पोर दारात गेली, की म्हातारी म्हणणार, मागं दिलतं एकीला. माझ्या नावावर खपू दे. सस्त्यात जातंय.

तानीबाई : मायाप्पा, काल दुपारी मी जेवण घिऊन आलते.

मायाप्पा : व्हय. वांगं हुतं. मीठ कमी हुतं.

तानीबाई : तू खांबावर हुतास. भोंगा बांधत.

मायाप्पा : खांबावरनं दुकान दिसतंय सगळं.

तानीबाई : दिसत असंल. खांबावरनं फुंकर कशी मारलीस?

मायाप्पा : माझी फुंकर लांब जाती. वीस वरसाचा सराव हाय. आणि ही काय माझ्या एकट्याची कला न्हाय, हिला सहा वरसाची असल्यापासनं बाकड्यावर उभी करून मीच शिकीवलं, जयंतीला पयली फू हिचीच अस...

तानीबाई : बोल की. थांबलास का?

मायाप्पा : वांगं आठवलं. विशा, तू लिही गं. तिसऱ्या माइकच्या जागी माझाच दुसरा डायनॅमिक घाल. त्याच्यावर कुणी बी फुंकू दे, थुंकू दे. सरांना काय कळतंय?

विशाखा : दोन एकाच जातीचे होतील.

मायाप्पा : घ्या! माइकात बी जाती काढल्या हिनं. पॉलिटेक्निकात घातली ती ह्याच्यासाठी?

तानीबाई : तिला हसवू नगंस. मी काय इचारतीया ते तुमा दोघांस्नी बी कळलंय.

मायाप्पा : आक्का, तुझ्या विड्या ऱ्हायल्यात बघ. जा घरला.

तानीबाई : विड्या वाट बघत्यात. मी बी बघतीया.

(रस्त्यावरून कोल्हापूरची गाडी जाते.)

मायाप्पा : तर सोमवारी सकाळी मी दाढी करतो, धुतलेला सदरा घालतो, आणि अण्णाच्या दारात उभा ऱ्हाऊन...

विशाखा : तुम्ही नका जाऊ, मामा.

मायाप्पा : का? माझा सदरा चांगला न्हाय?

विशाखा : मी फुंकले. ती सूचना कच्च्या वहीत नुकतीच लिहिली होती, शाईसुद्धा वाळली नव्हती. माइक हातात घेतला आणि तोंड आपोआप पुढं गेलं.