सासूबाईंची पांढरी दाढ

अगं, मी पहिलं पांढरं फिलिंग कुणाचं केलं माहितीये? सासूबाईंचं! गाझियाबादला नुकतंच क्लिनिक टाकलं होतं आणि दाताच्या रंगाचं फिलिंग तेव्हा नवलाईचं होतं. त्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरहून मुद्दाम आल्या. दाढ कोरडी करून मी भरणार, तेवढ्यात तोंड मिटून म्हणाल्या, "रविवारी जेवायला येताय ना?" लाळ लागलीच, आणि ओल्या दाढेला हे फिलिंग नीट चिकटत नाही. मी पुसल्यासारखं केलं आणि भरून टाकलं.

वर्षभराने जेवताना पाहिलं, तर त्या सगळं डावीकडूनच चावत होत्या. बळेच तोंड उघडायला लावलं. फिलिंगच्या कडेने तपकिरी रेघ! फटीतून पाणी आत झिरपत होतं.

"आई, कधीपासून ठणकतंय?"

"होळीपासून. गार पाणी टाळलं की काही होत नाही गं."

मला रडूच आलं. "अहो, सांगायचं ना! चूक माझीच आहे."

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये जुनं काढून नव्याने भरलं. या वेळी त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. खुर्चीतून उठल्यावर मात्र माझा हात धरून कुजबुजल्या, "बाहेर बोलू नकोस हं. माझ्या तिघी मैत्रिणी फिलिंग करून घ्यायला बसल्यात ना, त्यांना मी हीच दाढ दाखवून तुझ्याकडे आणलंय!"