रिकाम्या डब्यासाठी फोन

मी कोणाला भीत नाही, असं मला परवापर्यंत वाटून राहिलं होतं.

भाच्यानं इथंच गोरखपुरात घरपोच जेवणाच्या डब्यांचा स्टार्टअप काढला आहे. माझाही डबा तिथूनच येतो. तिथून एका बाईचा फोन आला. "रिकामा डबा दाबून बसली का? लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, "काहून वो, आईनं बोलायला शिकवलं नाही का?" ती आपलंच बोलत राहिली.

तशीच भाच्याकडे गेली. "त्या उद्धट बाईला आधी काढ."

तो हळूच म्हणे, "मावशी, ती तूच आहे. तुझ्या व्हॉइस मेसेजवरून एआयनं आवाज बनवला."

"मला न विचारता? पोलीस थाण्यात रिपोर्ट करीन."

"काढतो. पण त्या आवाजानं लोक लगेच डबे आणून देऊन राहिले."

आणखी भांडली असती, पण धुतलेला डबा माझ्या हातातच होता.