श्रावणनं जागा सोडली नव्हती

सरपंचसाहेब, नत्थू पाटील, कबड्डी मंडळाची खेळाडू पोरं, आणि माझ्या आयाबहिणींनो,

शाळेच्या याच पडवीत मी रोज बोलतो. इतकं बोलतो की पोरं जांभया देतात. आज मात्र बोलायला उभं राहायचीच इच्छा नव्हती. सरपंच म्हणाले, गुरुजी, तुम्ही शेवटी बोला, तुम्ही श्रावणला जवळून ओळखत होता. जवळून ओळखत होतो, म्हणूनच जड जातंय. मध्ये थांबलो तर जरा सांभाळून घ्या.

माझ्या आधी तिघं बोलले. तिघांनीही एक वाक्य सांगितलं. श्रावणनं मंडळासाठी आपली जागा स्वतःहून सोडली. किती मोठं मन, किती मोठा त्याग. ऐकताना काहींनी डोळ्याला पदर लावला.

मंडळी, ते वाक्य माझं आहे. शिमग्यानंतर मीच ते तुम्हाला सांगितलं होतं. आणि ते खोटं आहे.

बाहेरगावची चार माणसं आली आहेत, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. श्रावण आपल्या गावचा जन्माचा नव्हता. नदीपलीकडून आला. बारा वर्षांपूर्वी, आपल्या गावात एस.टी. सुरू झाली त्याच वर्षी, पाटलांकडे सालगडी म्हणून राहिला. पाडव्याला आला आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेतल्या सामन्यात डाव्या कोपऱ्यावर उभा राहिला. समोरच्या गावचा पहिलाच गडी चढाईला आला, आणि याने त्याचा घोटा असा धरला की बिचारा मध्यरेषेकडे हात लांब करून नुसता बघत राहिला. त्या वर्षी आपण पहिल्यांदा पितळेचा गुंड, पाण्याचा मोठा हंडा, जिंकून आणला. तोवर आपण फक्त नारळ आणत होतो.

आपल्या भागातला नियम तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. ज्या गावचा भात खाता, त्या गावाकडून खेळायचं. मग गावं काय करतात? चांगला खेळाडू हवा असेल तर त्याला आपल्या गावात साल देतात. सामने संपतात शिमग्याला. साल बदलतं पाडव्याला. मधले पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत या सगळ्या टापूत जेवढ्या सोयरिकी जुळत नाहीत, तेवढे कबड्डीचे गडी इकडचे तिकडे होतात.

त्या पंधरा दिवसांत आपलं मंडळ इथेच बसायचं. पुढच्या हंगामाला बारा माणसं हवीत. सात खेळायला, पाच बाहेर. कोण राहणार, कोण जाणार, कोण मिळणार. आणि दरवर्षी तीच रड. शिंप्याचा पोरगा चांगला, पण कॉलेजला भंडाऱ्याला गेला, आता तिथून फक्त पत्रं पाठवतो. एक चिखला गावच्या खाणीत लागला, त्याला सुट्टी एका दिवसाची, सामने तीन दिवसांचे. ते दोघं भाऊ, एकाला घ्या तर दुसरा रुसतो, दोघांना घ्या तर मैदानात एकमेकांवर पडतात. हसू नका, ते इथेच बसलेत. असं सगळं मोजून मापून आमची यादी आठावर अडायची.

मग आम्ही श्रावणकडे बघायचो. कारण गडी पारखावा तर त्यानेच. हिवाळाभर माझी सायकल घेऊन तो गावोगावच्या मंडया फिरायचा. परत आला की ओट्यावर बसून मला एकेकाचं सांगायचा. मी विचारायचो, कसा आहे रे तो अमक्या गावचा? तो म्हणायचा, "बेडकावानी उडते गुरुजी. पर पडते बी बेडकावानीच." दुसऱ्याबद्दल म्हणायचा, "ताकद लय आहे. अक्कल घरी ठेवून येते." तो खेळाडूच्या तोंडाकडे कधी बघत नसे. गुडघ्याकडे बघायचा. म्हणायचा, तोंड खोटं बोलते, गुडघा नाही बोलत.

मागच्या हिवाळ्यात तो एका मंडईहून परत आला तो सायकल उभी न करताच बोलायला लागला. "गुरुजी, एक पोट्टा पायला. एकोणीस-वीस वर्साचा. असा खेळ मी बाप जलमी पायला नाही. आणा त्याले. कायबी करा, पर आणा."

मंडळी, "कायबी करा" हे शब्द त्याचे. ते आम्ही फार मनावर घेतले.

तो पोरगा म्हणजे आपला मोरेश्वर. मोरेश्वर, मान खाली घालू नकोस. तुझ्या हातून यात काहीच घडलेलं नाही, तुला तर काही माहीतच नव्हतं. शिमगा झाला. त्याच्या बापाशी बोलणं झालं. बाप म्हणाला, साल द्या, पाठवतो. आता साल द्यायचं कोणी? आपल्या गावात बारा महिने गडी ठेवण्याची ऐपत एकाच घराची, पाटलांची. आणि पाटील म्हणाले, मी एकच गडी ठेवू शकतो. खोटं नव्हते बोलत. त्या हंगामात तलावाचं पाणी भाताच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं नव्हतं, धान निम्माच झाला होता.

कुणीतरी म्हणालं, श्रावणचं वय झालं आता. छत्तिशीचा माणूस. कुणीतरी म्हणालं, त्याचा उजवा गुडघा वाजतो. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गुरुजी, तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकतो.

मी गेलो. पाटलांच्या गोठ्यात तो चऱ्हाट वळत बसला होता. मला बघून उठला, बसायला पोतं टाकलं. विचारलं काय, तर, "आनला काय पोट्टा?"

मी म्हणालो, "येतो म्हणतो. पण श्रावण, तो राहील कुठं?"

हे मी असं का विचारलं? शाळेत मी पोरांना उत्तर सांगत नाही. प्रश्न विचारत जातो, पोरगं आपल्याच तोंडाने उत्तर देतं. चांगली पद्धत आहे, साहेब लोकांनी तपासणीत शाबासकी दिलेली आहे. ती पद्धत मी त्या दिवशी श्रावणवर वापरली. त्याला जा म्हणायची माझी हिंमत नव्हती. मला ते त्याच्या तोंडून काढायचं होतं.

तो म्हणाला, "राहील कोठी म्हंजे? माह्या खोलीत राहील. आमी तिघं, तो चवथा. पारबता त्याच्यासाठी बी भात टाकन."

बघा मंडळी. मी त्याची खोली काढून घ्यायला गेलो होतो, आणि तो ती वाटून द्यायला बसला होता.

मी म्हणालो, "राहील रे. पण काम कोणाकडं करील? साल कोणाकडं?"

तो म्हणाला, "पाटलाकडं करन."

मी म्हणालो, "पाटलाकडं सालं किती?"

तो म्हणाला, "एक."

आणि मग त्याच्या लक्षात आलं. हातातला पीळ तसाच राहिला. मी मुद्दाम काही बोललो नाही. वर्गातही मी असाच थांबतो. मग तो म्हणाला, "मंग मलेच जा लागन."

उत्तर बरोबर होतं. मी मान हलवली.

त्याने एकच विचारलं. "नाल्यापल्याडचे टोलीवरचे लोक मले साल देतीन, मागच्या साली विचारून गेले होते. पर तेथी टीम नाही गुरुजी. मंग मी कोनाकडून खेळू?"

याचं उत्तर मला येत नव्हतं. तेव्हाही नाही आणि आज इथे उभा आहे तेव्हाही नाही. मी म्हणालो, बघू, काही करू. माणसाला काही करायचं नसलं की तो असंच म्हणतो. श्रावणने पुन्हा चऱ्हाट हातात घेतलं. मी निघालो तर मागून हाक मारली. मला वाटलं, आता शिवी देईल. द्यायला हवी होती. तो म्हणाला, "त्या पोट्ट्याले सांगजा, चढाईले गेला का घाई नोको करू. त्याचा डावा पाय अगुदर निघते, आन हुशार कोपरेवाला थेच पाहून राहते."

मी मंडळात आलो आणि सांगितलं, श्रावण स्वतःहून जागा सोडतो म्हणाला. शब्दाला शब्द धरला तर खोटं नव्हतं. त्याच्याच तोंडचे शब्द होते. तुम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला. त्या रात्री मला चांगली झोप लागली, हे सांगायला लाज वाटते, पण लागली.

पाडव्याला तो बायको पारबताला आणि पोरीला घेऊन टोलीवर, नाल्यापलीकडच्या त्या लहानशा वस्तीवर, गेला. कोस-दीड कोसाचं अंतर. मध्ये फक्त एक नाला.

भादव्यातल्या त्या तीन दिवसांच्या पावसाचं मी काय सांगू? तुम्ही होताच. श्रावणला ताप चढला होता, बोलता बोलता बरळत होता. टोलीच्या चौघांनी त्याला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणलं. नाला दोन्ही काठ भरून. त्या काठावर खाट, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली पारबता, आणि ती नऊ वर्षांची पोरगी. या काठावर आपण. आपल्या मागे वडाखाली दहाची एस.टी. उभी. ड्रायव्हर भला माणूस, अर्धा तास थांबला. लाखांदूरला डॉक्टर, पुढे भंडाऱ्याला मोठा दवाखाना. इथे राहत असता तर खोलीपासून एस.टी.पर्यंत शंभर पावलं होती. मी नंतर चालून बघितली.

पोरं साखळी धरून पाण्यात उतरली. मोरेश्वर सगळ्यांत पुढे. छातीपर्यंत पाणी आलं, मधल्याचा पाय सुटला, साखळी तुटली. दोघं वाहून जाता जाता झुडपाला लागले. मीच ओरडलो, मागे फिरा. पुन्हा उतरायला निघाले तेव्हा मीच आडवा झालो. एकाला वाचवायला सात जण कसे घालवू? तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं? मी रोज स्वतःला विचारतो. पारबता पलीकडून काहीतरी ओरडत होती. पाण्याच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही. आम्ही नुसते हात हलवत होतो. हातांनी काय सांगत होतो, कोण जाणे.

दुपारनंतर तिने ओरडणं थांबवलं. तेव्हा समजलं.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. गुडघाभर झालं. आम्ही सगळे चालत पलीकडे गेलो.

आता आजच्या सभेचं. मंडळाने ठरवलं की यंदाच्या मंडईत सामने श्रावणच्या नावाने घ्यायचे, पहिलं बक्षीस त्याच्या नावाचा गुंड. चांगलं ठरवलं. आणि पारबताला सभेला बोलवायचं म्हणून परवा मला धाडलं. निरोप न्यायचा म्हटलं की मी.

ती आली नाही, हे तुम्ही बघता आहात. पाडव्यापर्यंत टोलीवाले तिला खोलीत राहू देतील, पुढचं तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही. मी तिला मंडळाचा ठराव सांगितला. गोठ्यात काय बोलणं झालं तेही सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिला ते सगळं आधीच माहीत होतं. श्रावणने त्याच संध्याकाळी तिला सांगितलं होतं, आणि वर म्हणाला होता, गुरुजींना बोलताना फार कष्ट पडत होते, म्हणून मीच बोलून टाकलं.

मग ती मला म्हणाली, "सभा घ्या गुरुजी. गुंड ठेवा, नाव ठेवा. मले काई म्हनाचं नाही. एकच आयका. भाषणात त्यायले आपला मानूस मनू नोका. आपल्या मानसाले कोनी बदलून देते काय?"

मंडळी, माझ्या मागच्या फळ्यावर खडूने लिहिलं आहे, "आपला श्रावण". अक्षर माझंच आहे, सकाळी लिहिलं. तिचं बोलणं ऐकून आल्यावरही लिहिलं, कारण हात सवयीने तेच लिहितो. आता मी त्यातला पहिला शब्द पुसतो.

पुसला.

आता उठा. टोपी असेल तर काढा. पोरांनो, तुम्हीही. दोन मिनिटं आपण उभं राहू. मनातल्या मनातही त्याला कुणी काही समजावून सांगू नका. मी कोणाकडून खेळू, असा त्याने आपल्याला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर आपल्याकडे नाही. तेवढं घेऊन गप्प उभे राहा.