वहीतून गाळलेले शब्द

—नाही, वासुदेवराव, छापखान्यात जाऊन भांडण्यापूर्वी आधी बसा. तुमच्या वडिलांच्या स्मरणग्रंथात त्यांचेच नाव पानोपानी चुकले, हे मी पाहिले आहे. कसे चुकले, ते मात्र एकोणीसशे शहाण्णवच्या फेब्रुवारीपासून ऐकावे लागेल—माघ सरत आलेला, रामघाटावर सकाळचे धुके अजून होतेच—तेव्हा आमच्या ईशानीने, म्हणजे पुतण्या दत्तात्रेयच्या मुलीने, आमच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. मजकूर टंकला, की यादीत नसलेल्या शब्दापाशी यंत्र थांबणार. आणि यादी कोणाची? माझी! मी जुनी मॅट्रिक. एकतीस वर्षे तिथली प्रुफे तपासली, अडलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवला. "आजी, तुम्ही बोला, मी फीड करते," ती म्हणाली. दत्तात्रेय हसला, "काकू, आता आराम करा." आराम! कोणी मागितला होता?

मी वहीतून शब्द सांगत गेले—आणि दर पानावरचे चार-दोन गाळत गेले. असे पाहू नका. वाटले, यंत्र अडखळेल, मग हाक येईल, काकू, हे बरोबर आहे का? अडखळले; हाक आली नाही. "अरे, इसको तो कुछ आता ही नहीं," म्हणून ईशानी 'बरोबर'चे बटण दाबायची. यंत्र थांबले, म्हणजे यंत्रच चुकले—ही सवय तिला कोणी लावली? मीच. तुमच्या ग्रंथाच्या वेळी टंकणाऱ्याने हस्तलिखितातले नाव चुकीचे वाचले. यंत्र त्या नावापाशी थांबले होते हो, अगदी पहिल्याच पानावर! ईशानीने बटण दाबले. चुकीचे नाव यादीत गेले. पुढे ते कशाला थांबते?

तुमचे पत्र आले, तेव्हा दत्तात्रेयने चारचौघांत तिला झाडले—"तुझ्या खेळण्यापायी तीन पिढ्यांची अब्रू गेली!" ती माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, "आजी, सगळे शब्द तुम्ही सांगितले होते ना?" मी जपमाळ ओढत राहिले. माळ! जप कसला, नुसते मणी सरकत होते.

कोजागरीच्या सकाळी स्क्रिप्ट पुसली गेली. दत्तात्रेय कपाटात पडलेली माझी वही घेऊन आला, "उद्यापासून प्रुफे तुम्हीच पाहा, काकू." मी "बरे" म्हटले. त्या दिवशी घरापुरते सारे मिटले.

ग्रंथ पुन्हा छापून मिळेल; नाव मी स्वतः तपासीन. आता उठा. आणि जिन्यात ईशानी भेटली, तर—नको, तिला यातले काही ठाऊक नाही; मागल्या दाराने जा.