उपड्या कुंडीखालचा पाईप

तुम्हीच सांगा, मला राग यायला नको? श्रूजबरीतलं ते घर विकत घ्यायचं बाबांनी जवळजवळ पक्कं केलं होतं. मागच्या अंगणात मला एक कुंडी उपडी ठेवलेली दिसली. उचलून पाहिली, तर खाली जमिनीतून वर आलेला, झाकण लावलेला पाईप! माझ्या मैत्रिणीकडे ट्रकवाला अशाच पाईपमधून घर तापवायचं तेल जमिनीखालच्या टाकीत भरतो.

मी हळूच म्हटलं, "बाबा, इथे खाली तेलाची टाकी आहे."

"अगं, हे घर गॅसवर तापतं. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

पुढच्या शनिवारी बाबांचे मित्र जोशीकाका सोबत आले. गाडीतून उतरताना मी त्यांच्या कानात सगळं सांगितलं. काकांनी सरळ जाऊन कुंडी उचलली आणि घरमालकाला विचारलं, "जुनी टाकी काढलीत, की तशीच पुरलेली आहे?"

घरमालकाचा चेहरा पडला. "असेल कदाचित," तो पुटपुटला.

"अरे, ती गळत असली तर घर घेतल्यावर तेल मुरलेली माती काढायला सगळं अंगण खणत बसला असतास!" काका बाबांना म्हणाले.

परतताना आई म्हणाली, "काय नजर आहे भाऊजी तुमची!" काका नुसते हसले.

मग बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तू तर दोनदा आलीस तिथे. जरा डोळे उघडे ठेवत जा!"