देवभाताच्या बाटल्या

हॅलो?… कोण?… अगंबाई, गीताकाकू! व्हय, शिवकन्याच बोलायले. लॅबमधूनच… न्हाई हो, तुम्हाला टाळू कामून? कामात होते… मुडबीत बरंय ना समदं?

रोपं?… हायेत की. छान हायेत… हिरवीगार… कुणाला आणायलाव? बायकांना? बघायला?… न्हाई न्हाई, सोमवारी नका येऊ… अहो, ऐका तर…

काकू, थांबा. खोटं बोलले मी. रोपं गेली… समदी. तुमच्या पाच दाण्यांतनं चाळीस बंद बाटल्यांत रोपं केल्ती, चाळीसच्या चाळीस गेली. बुरशी आली…

न्हाई, लाईट न्हाई गेली. माझ्यामुळं झालं. खंडेनवमीला इथल्या मशिनींची पूजा केली आम्ही. समदे गेल्यावर मला वाटलं, तुमच्या तळ्यातलं, न पेरता उगवणारं देवभात तेवढं बिनपूजेचं कसं ठेवावं?… व्हय, बाटलीतच होतं. पण बंद बाटलीला कुंकू कसं लावायचं? एकेक झाकण उघडलं… हळद, कुंकू, उदबत्ती… ठाव होतं हो मला! झाकण उघडलं की बुरशी शिरती, हे मीच दोन वर्षं समद्यांना सांगायले. तरी हात गेला… चौथ्या दिवशी काळं पडलं.

तळ्यात बघितलं का परत?… एक बी काडी न्हाई?… जेसीबीनं गाळ काढला तवाच गेलं म्हणा… म्हंजी बाटलीतलंच शेवटचं होतं.

सर?… सर ज्योतीला बोलले, इथं बाटल्या धुती-उकळती ना, तिला. बाटल्या नीट उकळल्या न्हाईस म्हणून. समद्यांसमोर… न्हाई. गप बसले मी… व्हय, बाजूलाच हुभी होते… लाज वाटायली हो, तोंड दाखवू वाटंना तिला… शिव्या द्या काकू मला.

काय?… पुढच्या ऋषिपंचमीला खायला ठेवलेलं देवभात? किती हाय?… मूठभर… कांडलं तर न्हाई ना? टरफलासकट हाय?… मग उगवंल की! पण पंचमीला तुम्ही काय खाणार? बैलाच्या कष्टाचं तर चालत न्हाई त्या दिवशी… निस्त्या पाण्यावर? ह्या वयात?… न्हाई काकू, माझ्या हातात नका देऊ ते.

ज्योतीच्या?… तिच्याच हातात देणार?… बरोबर हाय… न्हाई, राग कशाचा… व्हय, सरांना सांगते… उद्या… बरं, आजच.

आधी तिला? आत्ता?… हाय की, समोरच बाटल्या धुवायली… काय म्हणू पण?… हां… हां… तेवढंच… न्हाई, पळत न्हाई.

ठेवते काकू.

ज्योती… अगं, नळ बंद कर जरा.